‘येते’ म्हणणारी जिराफीण

“बंद कर! काकी, बंद कर तिला! ती चालली!”

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत तांदळाच्या उकडीत होते. तशीच बाहेरच्या खोलीत धावले. किंकाळी अशी होती की तानशाच्या धरणात लाटा उठल्या असतील आणि तिकडे मुंबईत नळाखाली साबण लावून उभ्या असलेल्या माणसांचं पाणी गेलं असेल. शेजारणीचा कोंबडा खुराड्यात मान घालून बसला तो दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी आरवला नाही. ही कोंबड्याची गोष्ट मी गल्लीत इतक्यांदा सांगितली आहे की आता शेजारीणसुद्धा ती शपथेवर सांगते, आणि तिच्याकडे कोंबडा कधीच नव्हता.

खोलीत काही नव्हतं. साप नाही, विंचू नाही, दारात परकं माणूस नाही. टीव्हीवर जिराफ नाचत होते. गुरुजींची जुळी मुलं, तीही माझ्याकडेच असायची, जिराफांसारख्या माना उंच करून नाचत होती. आणि माझी ही पोरगी टीव्हीच्या काचेवर दोन्ही पंजे आपटत, ओठ निळे पडेस्तोवर रडत होती.

“कोण चालली गो बाय? कुठं चालली?”

“ती!” तिनं जिराफिणीच्या पोटावर बोट ठेवलं. “चालली ती!”

मी पाहिलं तर जिराफीण घराकडे येत होती. हसत होती, गळ्यातली पर्स हलवत होती. मागे ढोल वाजत होता.

आता आधी मी कोण ते सांगते. शहापुरातून शेणव्याच्या रस्त्याला लागलं की उताराला आमचं घर आहे. मी पोरं सांभाळते. लोक याला पाळणाघर म्हणतात. आमच्यात पाळणा एकच आणि त्यात मांजर झोपतं. ज्यांच्या घरी दोघंही नोकरीला जातात ती माणसं सकाळी पोर माझ्या दारात टाकतात आणि संध्याकाळी उचलून नेतात. माझा आवाज मोठा आहे. शहापूरच्या बाजारात मी मेथीचा भाव विचारला तर आसनगावचा भाजीवाला उत्तर देतो. असा आवाज असलेल्या बाईकडे लोक पोर ठेवतात, कारण पोर वाहनाखाली जायच्या आत माझी हाक त्याच्या कॉलरला धरते.

आमचे हे काळी-पिवळी जीप चालवतात. देवानं त्यांना जन्मतानाच बेताचे शब्द दिले होते आणि ते सगळे “शेणवा, शेणवा, शेणवा” असं ओरडून शीटं भरण्यात संपले. घरी येईस्तोवर एखादाच उरतो. तो बहुतेक “पाणी” असतो.

आणि ही पोरगी. नाव लिहीत नाही, तिला मोठी होऊन नाक मुरडायला नको. अजून रांगत होती तेव्हा तिच्या आईनं तिला माझ्या मांडीवर ठेवलं. बाप बोरवेलच्या गाडीवर कामाला गेला होता. आधी फोन यायचे, मग नुसते मिस्ड कॉल आले, मग तेही बंद झाले. एवढी भोकं पाडली त्यानं जमिनीत, एखाद्यातून पाताळात उतरला असेल, असं मी म्हणायची. पोरीची आई हसायची नाही. मग मीही ते म्हणायचं सोडलं.

आई कामाला जायची ठाण्याला. एका टॉवरमध्ये, कितव्या मजल्यावर ते तिनं सांगितलेलं मला कधी लक्षात राहिलं नाही. मी लोकांना सांगताना दर वेळी दोन मजले वाढवत गेले. तिथं ती काय करायची? पोर सांभाळायची. दुसऱ्याचं. तिचं पोर मी सांभाळायची आणि ती त्यांचं. मला वाटायचं, त्या टॉवरमधल्या बाईनंही कुणाचं तरी पोर सांभाळायला घ्यावं, त्या पोराच्या आईनं आणखी कुणाचं, असं करत करत शेवटी ही रांग फिरून आमच्या दारात यावी आणि ज्याचं पोर त्याच्याच मांडीवर यावं. तसं काही होत नाही. ही रांग एकाच दिशेला जाते.

तर टीव्ही. टीव्ही आमच्या मुलाचा जुना. त्यानं बदलापूरला नवा घेतला आणि हा आम्हाला दिला. बायको म्हणाली असेल भंगारात टाक, हा म्हणाला असेल आईकडे टाकतो. त्यावर दुपारच्या चहाच्या वेळेला लहान पोरांचा एक कार्यक्रम लागायचा. परदेशातला, पण मराठीत केलेला. अशी मराठी आमच्या तालुक्यात फक्त बक्षीस समारंभात ऐकू येते. त्यात एक जिराफीण होती, उंच इमारतींच्या खिडक्या पुसायला जायची. शिडी लागत नाही, म्हणून तिला कामावर ठेवलेली. जिराफ बाप पावाच्या भट्टीत. आणि त्यांचं पिल्लू दिवसभर कासव मावशीकडे.

कासव मावशीवर माझा फार राग. तिच्याकडे सहा पोरं असायची आणि एकाचीही चड्डी ओली नसायची. कोणी कोणाला चावायचं नाही, कोणी नाकात शेंगदाणा घालायचं नाही. मावशीच्या पाठीच्या ढालीतून खेळणी निघायची, केक निघायचा. माझ्या पाठीतून काय निघतं? कळा निघतात. पण पोरं त्या कार्यक्रमापायी जागची हलायची नाहीत आणि तेवढ्यात माझ्या भाकरी व्हायच्या.

रोज गोष्ट एकच. सकाळी जिराफीण कामाला जाते, पिल्लू तोंड फुगवतं, मावशी त्याला खेळवते, आणि शेवटी फोन वाजतो. जिराफीण फोनवर म्हणते, “मी येते हं, सोन्या!” की लगेच ढोल, सगळी पिल्लं नाचायला लागतात, आई दारात हजर. सगळ्या महाराष्ट्रातली पोरं त्या वाक्याला टाळ्या पिटत असतील. आमच्या घरात एक त्या वाक्याला किंचाळायची.

पहिल्या दिवशी मी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग जंताचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी मी टीव्ही बघितलाच नाही, पोरीकडे बघत बसले. कासव मावशीचा केक निघाला, ती हसली. पिल्लू पडलं, ती “अरेरे” म्हणाली. फोन वाजला, तिचं अंग आखडलं. आणि “मी येते हं” ऐकलं मात्र, तिचं तोंड असं उतरलं की काय सांगू. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तसं तोंड मयताच्या घरी पाहिलं आहे.

मला कळलं ते त्याच संध्याकाळी, आणि कळवलं ते आमच्या ह्यांनी, नकळत, दोन शब्दांत. जीप काढायला निघाले, उंबऱ्यातून म्हणाले, “येतो गो.”

पोरगी कोपऱ्यातून धावत आली आणि त्यांच्या पायाला मिठी मारली. “नको जाऊ! बाबा, नको जाऊ!” ह्यांना ती बाबा म्हणायची.

मी तिला सोडवून मांडीवर घेतलं.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही. जीभ झडेल. मोरीत जाणाराही ‘येतो’ म्हणून जातो. म्हातारी माणसं तर एवढी कडक की पोरगं “मी जातो” म्हणालं की त्याला उंबऱ्यातून परत बोलावतात, पाटावर बसवतात, पाणी देतात, नीट ‘येतो’ म्हणायला लावतात आणि मगच सोडतात. पोरीची आई रोज सकाळी अंधारात तिला माझ्या मांडीवर द्यायची, गालावर हात फिरवायची आणि म्हणायची, “येते हं बाय.” आणि जायची. दिवसभर जायची. संध्याकाळी परतल्यावर ती ‘येते’ म्हणायची का? नाही. म्हणायची, “काय गो, जेवलीस का?” म्हणजे पोरीच्या हिशोबात शब्द साफ होता. ‘येते’ म्हणजे चालले. ‘येते’ म्हणणारं माणूस पाठ फिरवतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी रोज पाहिलं होतं. अन् त्या बिचाऱ्या पिल्लाला वेड्यासारखं नाचताना बघून ती ओरडत होती, की अरे नाचता काय, ती चालली!

मी तिला समजावायला गेले. “बाय, येते म्हणजे येते.”

“नाय,” ती म्हणाली. “येते म्हंजी गेली.”

मी आयुष्यभर लोकांना पटवत आले आहे. मी एकदा माळशेज घाटात बिबट्याला भाकरी देऊन रस्त्यातून उठवलं, हे मी माझ्या सासऱ्यांना पटवलं होतं, आणि ते स्वतः जंगल खात्यात रोजंदारीला होते. पण ही एवढीशी पोर पटेना.

संध्याकाळी तिच्या आईला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती पायरीवर बसली, चप्पल काढायची राहून गेली.

“काकी, तो कार्यक्रम तिथं पन लावतात,” ती म्हणाली. “त्याच टायमाला. तो बाबू माझ्या मांडीवर असतो. जिराफ आला की टाळ्या पिटतो.”

“त्याची आई निघताना काय म्हणते?”

“बाय बाय. इंग्लिशमदी.” ती म्हणाली. “त्याला नाय कळत येते न् जाते. त्याला टाळ्याच.”

मग पोरीला उचललं, तर पोरीनं तिचा खांदा हुंगला आणि म्हणाली, “बाबूचा वास येतो.” पोरांना कसं कळतं कोण जाणे. आईनं पदरानं मान पुसली, जोरात, कातडं निघेल अशी.

दुसऱ्या दिवसापासून मी धंदाच मांडला. पोरीला दारात उभी करायची, मोठ्यांदा “येते हं!” म्हणायचं आणि मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं आत यायचं. आधी ती मी दिसेपर्यंत रडायची. मग रडण्याच्या तयारीत ओठ काढून उभी राहायची. मी प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन यायची. कधी पेरू, कधी बेशरमीचं फूल. काही मिळालं नाही तर गोष्ट आणायची. “वाटेत वाघ भेटला गो. म्हणला, कुठं चाललीस? मी म्हणलं, चालले नाय, येते. म्हणला, मग ये.” किंवा “एसटीचा ड्रायवर म्हणला, काकी गाडी पंक्चर झालीय, जरा हातानं ढकला. मी धसईपर्यंत ढकलत नेली, परत आले.” गुरुजींची जुळी मुलं म्हणायची, “काकी, खोटं!” पोरगी त्यांना दटावायची, “नाय रे, आली ना काकी!”

बघा कसं आहे. वाघ खोटा, एसटी खोटी, आणि आली एवढं मात्र खरं. तिनं बरोब्बर तेवढंच उचललं.

शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी उभ्या राहून बघायच्या. एक म्हणाली, “घराला प्रदक्षिणा घालतेस का गो? नवस बोललीस वाटतं.” मी म्हटलं, “व्हय, तुझी जीभ आखूड होऊ दे म्हणून.” मी इतक्या फेऱ्या मारल्या की घराभोवती पायवाट पडली. ती वाट आता ग्रामपंचायतीनं नोंदवावी असं माझं म्हणणं आहे.

भात कापणीला आला तेव्हा पोरगी शिकली. एक दिवस जिराफिणीचा फोन वाजला, “मी येते हं” झालं आणि ही उठली. रडली नाही. टीव्हीच्या मागे गेली. जिराफीण मागच्या दारानं येते का बघायला! मग पुढे आली, पिल्लाच्या दारात जिराफीण उभी दिसली, तेव्हा पोरगी अशी हसली... मी तिला कडेवर घेऊन त्या ढोलावर नाचले. आमचं घर मातीचं असतं तर त्या दिवशी बसलं असतं.

दुसऱ्या सकाळी आई म्हणाली, “येते हं बाय,” आणि पोरीनं मान हलवून सांगितलं, “ये.” एखादी कर्ती बाई कामाला जाणाऱ्या माणसाला म्हणते तसं. आई जीपपर्यंत गेली आणि जीपच्या दांड्याला धरून रडली. आमच्या ह्यांनी इंजिन चालू ठेवलं, हॉर्न वाजवला नाही. त्यांच्या परीनं ते मोठं बोलणंच झालं.

आणि तेव्हाच मला मनात वाटू लागलं होतं, लिहायला हरकत नाही, की ही पोरगी माझी आहे. बाहेर बोलत नव्हते, पण मनात तिला शाळेत घातलं होतं, तिच्या लग्नात कोणती साडी नेसायची ते ठरवलं होतं, तिच्या सासूशी माझं भांडणही होऊन गेलं होतं. त्यात मीच जिंकले होते.

थंडी पडायला लागली तेव्हा आई एका संध्याकाळी आली आणि चप्पल काढून, पाय धुऊन, नीट आत येऊन बसली. रोज पायरीवरूनच पोर उचलून जाणारी बाई. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“काकी, तिथल्या म्याडमचं काम वाढलंय. बाहेरगावी जावं लागतंय तिला. चोवीस तासाला बाई पायजे म्हनते.”

“मग बघेल दुसरी.”

“मलाच विचारलंय. बाबूला माझी सवय झालीय.” ती भिंतीकडे बघत होती. “महिन्यातून येकदा सुट्टी.”

मी पुढचं ऐकून घेतलंच नाही. माझ्या डोक्यात लगेच गादी पडली, उशी पडली, पोरीचे कपडे कपाटाच्या कुठल्या खणात ठेवायचे ते ठरलं. मी म्हटलं, “मग झालं तर! रात्रीचीपन राहील ती इथं. तू काय काळजी करू नको. तुझा तो बाबू टॉवरमदी वाढेल, ही माझ्याकडं अशी वाढेल की पोलिसात जाईल, कलेक्टर होईल, लाल दिव्याच्या गाडीतून तुझ्या म्याडमच्या दारात उतरेल...”

“काकी.”

“आणि पैशाचं तर तू नावच काढू नको.”

“काकी, तिला मी आयकडं ठिवनार हाय.”

तिची आई धसईच्या पलीकडे डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत राहायची. एकटी म्हातारी. बाजाराच्या दिवशी रानातलं काहीबाही घेऊन धसईला यायची, बाकी दिवस डोंगरातच. वाडीत फोनला रेंज नाही, टीव्ही तर लांबच.

“तिथं?” मी म्हणाले. माझा आवाज बसला होता. शहापूरकरांनी याची नोंद घ्यावी. “तिथं काय हाय? तिला इथं सगळं हाय. शाळा हाय, दवाखाना हाय. मी हाय.”

“तेच,” ती म्हणाली.

पोरगी तेव्हा आमच्या ह्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या शर्टाचं बटण फिरवत होती. आईनं तिकडे पाहिलं.

“इथं ठिवली तर ती तुमची हुईल, काकी. आयकडं ठिवली तर माझी ऱ्हाईल.”

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. ती हात जोडल्यासारखी बसली होती. मी उठून चहा टाकला. त्यात साखर घातली की नाही मला आठवत नाही. तिघांनीही तो तसाच प्यायला.

जायचा दिवस आला. आमच्या ह्यांनी जीप पुसली, सीटवर घरची चादर घातली. त्या दिवशी त्यांनी शेणव्याची शीटं घेतली नाहीत. वाटेत हात दाखवणारी माणसं शिव्या देत मागे पडली असतील. मी तिच्यासाठी काय काय बांधलं ते लिहीत बसले तर जीप कमी पडली असती असं वाटेल. खरं म्हणजे एकच पिशवी होती. तिला कपडे फारसे नव्हतेच.

पोरगी खूश होती. जीपमध्ये पुढे बसायला मिळणार होतं. आईच्या मांडीवर बसून तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, “काकी, येते हं.”

मी तिला ते शिकवलं होतं. घराला फेऱ्या घालून घालून, पेरू देऊन, वाघाच्या गोष्टी सांगून शिकवलं होतं की हे म्हणणारं माणूस येतं. ती बघत होती. मला म्हणायचंच होतं, म्हणून म्हणाले, “ये.” जीप उतारावरून गेली. मी मागच्या दारानं घरात शिरले आणि का कोण जाणे पुढच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. गुरुजींची मुलं आली होती, म्हणाली, “काकी, वाघ भेटला का?” मी म्हटलं, “नाय रे. आज नाय भेटला.”

पुढे कार्यक्रम रोज लागायचा. जुळी नाचायची. मी उकड मळायची, आणि फोन वाजला की माझे हात आपोआप थांबायचे, आता किंकाळी येईल म्हणून. खरं सांगते, ती किंकाळी आली असती तर मी शहापुरात साखर वाटली असती.

दोन-तीन महिने मी दम धरला. रोज ह्यांना म्हणायची, “धसईला जाऊ या.” ते म्हणायचे, “राहू दे. रुळू दे.” शेवटी एका बाजाराच्या दिवशी मी त्यांना विचारलंच नाही. साडी नेसले, पेरूची पिशवी घेतली आणि जीपमध्ये जाऊन बसले. बसले ती उतरेना. ह्यांनी किल्ली फिरवली.

धसईच्या बाजारात भाताची पोती, वांगी, काकड्या, माणसांचा कालवा. म्हातारी त्या दिवशी बाजाराला आली नव्हती. ह्यांनी त्या दिवशी मायलेकींना धसईलाच उतरवलं होतं, म्हणून आम्ही वाट विचारत वाडीवर गेलो. शेवटची चढण जीप चढेना, चालत गेलो. मी वाटेनं बोलत होते, आता बघा कशी पळत येते, माझ्या पदराला अशी लोंबकळेल की साडी फाटेल, म्हणून जुनी नेसून आलेय. ह्यांनी हूं केलं.

म्हातारी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. पोरगी तिच्या मागे बसून फुलं वेचून वेगळी ठेवत होती. उन्हानं काळवंडली होती, केस कापलेले, तोंड भरलेलं. चांगली दिसत होती. हे लिहायलाच हवं, चांगली दिसत होती.

मी कुंपणापाशीच थांबले आणि हाक मारली. माझी हाक. डोंगरातल्या घोरपडी बिळात गेल्या असतील. पोरगी दचकली आणि म्हातारीच्या पाठीआड झाली. नुसता एक डोळा दिसत होता.

म्हातारीची नजर अधू होती. हात आडवा धरून बघत तिनं विचारलं, “कोन आलीय गो बाय?”

पोरीनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी हसत उभी होते, दोन्ही हात पुढे करून, जाड बाई, हातात पेरू.

“पावनी,” ती म्हणाली.

आणि वाडीच्या रिवाजाप्रमाणे आत गेली, तांब्या भरला, दोन्ही हातांत धरून, न सांडता, माझ्यासमोर आणून ठेवला. पाहुणीला पाणी. मी प्याले. इतकं थंड पाणी मी कधी प्याले नाही. तिनं पेरू घेतला, मुकाट्यानं, म्हातारीच्या तोंडाकडे बघून, घेऊ का असं विचारत. मी वाघाची गोष्ट काढली. ती ऐकत होती, पण वाघ कुठून आला, कोण कुठं चाललं होतं, काही तिला लागेना. अर्ध्यात ती उठली आणि फुलं वेचायला गेली.

निघताना मी काहीच म्हटलं नाही. हे म्हणाले म्हातारीला, “येतो.”

जीपमध्ये हे गप्प होते, मीही गप्प. असं आमच्या संसारात पहिल्यांदा झालं आणि दोघांनाही सवय नसल्यामुळे किन्हवलीपर्यंत रस्ता फार लांब वाटला.

शहापुरात आल्यावर मी गल्लीत सांगितलं की पोरगी कशी धावत आली, कशी गळ्यात पडली, सोडेचना. साडी खांद्यावर टरकली म्हणून मी दाखवलीसुद्धा. ती जीपच्या खिळ्याला अडकून फाटली होती. बायका डोळे पुसत ऐकत होत्या. आमचे हे आतून बाहेर आले, ऐकलं आणि परत आत गेले.

त्याच आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. दुपारी, बाबू झोपला असताना, हळू आवाजात. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती.

“काकी, तुमी वाडीला जाऊन आलात म्हनं. मी मागच्या सुट्टीला जाऊन आले, त्याच्यानंतर आयचा निरोप आला गाडीवाल्यासंगं. कशी हाय बाय?”

“मस्त हाय,” मी म्हणाले. “गाल वर आलेत. कामाची झालीय. फुलं निवडते, तांब्या भरून देते.”

“तुमाला वळखली?”

माझ्याकडे सगळी गोष्ट तयार होती. धावत आली, गळ्यात पडली, साडी फाटली. चार दिवस सांगून सांगून ती इतकी घोटली गेली होती की मला स्वतःला खरी वाटायला लागली होती. ती सांगायला मी तोंड उघडलं. आणि पलीकडे ती श्वास धरून थांबली होती. तसं कुणी थांबलं असताना खोटं बोलायला माझ्यापेक्षा मोठी खोटारडी लागते.

“नाय गो,” मी म्हणाले. “पावनी म्हनली मला.”

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. कोणीतरी गॅस बारीक केला.

“मलापन,” ती म्हणाली.